घराचा रंग आणि गिऱ्हाइकाची नजर

घर विकावयाचे ठरले की मालक प्रथम रंगाऱ्याला बोलावतो. यात वावगे काही नाही. गिऱ्हाईक उंबऱ्याशी येते तेव्हा त्याला पायाची खोली दिसत नाही. दिसतो तो भिंतीचा रंग. अमेरिकेतील झिलो या कंपनीने विकल्या गेलेल्या घरांची हजारो छायाचित्रे २०१७ साली तपासली. निळसर न्हाणीघर असलेल्या घरांना अपेक्षेपेक्षा सुमारे ५,४०० डॉलर अधिक मिळाल्याचे तिला आढळले.

पण तिकडची आवड आपण डोळे मिटून उचलू नये. जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. गडद रंग ऊन शोषून घेतो; ताजा पांढरा चुना त्यातील बरेचसे परतवितो. चुन्यात चिमूटभर नीळ घातली की त्याचा पिवळसरपणा लपतो व भिंत अधिक शुभ्र दिसते. भर दुपारी घर पाहावयास आलेल्या माणसाला फिक्या भिंतींआड जो थोडा गारवा लाभतो, तो कोणत्याही नक्षीपेक्षा त्याच्या मनात भरतो.

घेणाऱ्यानेही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नवा रंग ओल झाकतो, घालवीत नाही. चुन्यातून भिंतीतील ओलावा बाहेर पडू शकतो. तैलरंगाआड तो कोंडतो आणि पुढे पोपडे येतात. म्हणून जन्माची पुंजी ओतण्यापूर्वी ते घर एकदा पावसाळ्यात पाहावे आणि भिंतीच्या तळाशी हात लावून पाहावा. रंग दोन दिवसांत देता येतो. ओल काढावयास मात्र भिंत उकरावी लागते.