काठावरची ड्यूटी

उत्तर व्हर्जिनियात नव्याने राहायला आलेलं मराठी कुटुंब पहिल्याच उन्हाळ्यात मुलांना जवळच्या पूलच्या स्विम टीममध्ये घालतं. जूनमध्ये शाळा संपते, मुलं घरात बसून डोकं खातात, त्यावर हा उपाय. मग टीमची ई-मेल येते: शनिवारी भल्या सकाळी मुलांना आणा, आणि कामासाठी आपली नावं नोंदवा. नवे पालक मुलांसाठी गॉगल शोधायला लागतात. खरं तर त्या ई-मेलमधला महत्त्वाचा मजकूर दुसऱ्या अर्ध्यात असतो.

नॉर्दर्न व्हर्जिनिया स्विम लीग 1956 पासून चालू आहे. वॉशिंग्टनच्या उपनगरांतले शंभराच्या आसपास पूल तिच्यात आहेत. मीट, म्हणजे टीमटीममधली पोहण्याची स्पर्धा, चालवतात ते पालक. रेफरी, स्टार्टर, स्ट्रोक पाहणारे पंच, टायमर, निकालाचं टेबल, माइकवर नावं पुकारणारा, डोनट विकणारी, सगळे कुणाचे तरी आईबाप. एका लेनला तीन टायमर, लेन सहा. म्हणजे अठरा माणसं फक्त स्टॉपवॉच धरून उभी. खुर्ची टाकून निवांत बघत बसू, असा बेत असेल तर तो सोडून द्यावा.

मी टायमरचं काम घेते. स्टार्टरच्या यंत्रातून भोंगा वाजतो तेव्हाच एक दिवा लखकन् चमकतो. घड्याळ दिवा बघून सुरू करायचं, आवाज ऐकून नाही. आठ वर्षं आणि त्याखालच्यांची शर्यत 25 मीटरची, एकाच लांबीची असते. ती पलीकडच्या टोकाला सुरू होते आणि टायमर अलीकडे. तेवढं अंतर कापायला आवाजाला सेकंदाचे सात शतांश लागतात, आणि निकाल मोजतात शतांशातच. तीन घड्याळांवर तीन वेगळ्या वेळा आल्या तर मधली धरतात. एखाद्याचा अंगठा चुकला तरी पोराचं नुकसान होत नाही.

मुलांच्या हातावर मार्करने शर्यतीचा क्रमांक आणि लेन लिहिलेली असते. क्लार्क ऑफ कोर्स नावाचं एक पद असतं. म्हणजे एक आई, जी बाकांवर लहान मुलांना शर्यतींच्या क्रमाने बसवत असते. गॅदरिंगच्या विंगेत बालवाडीतले ससे सांभाळावेत तसं ते काम आहे. कुणाला शू लागलेली, कुणाचा गॉगल हरवलेला, आणि एकाच्या हातात उघडं जेलोचं पाकीट. कोरडी जेली पावडर बोटाने चाटल्याने जोर येतो, अशी इथल्या पोरांची श्रद्धा. जीभ दिवसभर निळी.

मग रेफरीच्या छोट्या शिट्ट्या, एक लांब शिट्टी, मुलं ठोकळ्यावर चढतात. ‘टेक युवर मार्क.’ तेवढे दोन-तीन सेकंद सगळा पूल गप्प राहतो. कुणाच्या तरी आजोबांचा फोन नेमका तेव्हाच वाजतो.

खरी परीक्षा डीक्यूची, म्हणजे डिसक्वालिफाय होण्याची. पोर जीव तोडून पोहतं, पहिलं येतं, आणि काठावरच्या पंचाचा एक हात वर गेलेला असतो. ब्रेस्टस्ट्रोकला पाय बेडकासारखे बाहेर वळवण्याऐवजी कात्रीसारखे चालले, भिंतीला दोन्ही हात एकदम लागले नाहीत, बॅकस्ट्रोकला भिंत यायच्या आत पोटावर वळलं, अशी कारणं असतात. कारण कार्डावर लिहिलं जातं. वेळ गेली, गुण गेले. आपल्याकडचे आईबाप इथे हमखास विचारतात, ‘म्हणजे नापास का?’ अहो, नापास कसला. कोच मंगळवारी तेच पाय दुरुस्त करून घेतो. सहा-सात वर्षांच्या मुलांना डीक्यू होतच असतो, त्यावरून जेवणाच्या टेबलावर सुनावणी घेऊ नये. आणि पंचाकडे थेट तर मुळीच जाऊ नये. काही म्हणायचंच असेल तर टीमचा प्रतिनिधी असतो.

हिशेब सोपा आहे. शनिवारच्या मीटमध्ये प्रत्येक शर्यतीला दोन्ही टीमची तीन-तीन मुलं. पहिल्याला 5, दुसऱ्याला 3, तिसऱ्याला 1. रिले जिंकली तर 5, हरली तर काहीच नाही. 40 वैयक्तिक शर्यती आणि 12 रिले मिळून 420 गुण. एका मुलाला वैयक्तिक शर्यती जास्तीत जास्त दोन. म्हणजे अख्ख्या सकाळीत आपलं मूल पाण्यात दोन मिनिटंसुद्धा नसतं. बाकीचा वेळ ते टॉवेलवर उनो खेळतं, आणि विचाराल तर त्याला मीटचा तोच भाग जास्त आवडतो. शनिवारी निवड झाली नाही तर सोमवारी संध्याकाळची बी मीट असते. तिथे टीमचे गुण मोजत नाहीत, फक्त स्वतःची जुनी वेळ मोडायची. मला विचाराल तर नवख्यांसाठी तीच खरी मीट.

केटी लेडेकीने वयाच्या सहाव्या वर्षी पोटोमॅकपलीकडे मेरीलँडमध्ये अशाच एका वस्तीच्या टीममधून सुरुवात केली आणि 2012 मध्ये, पंधराव्या वर्षी, लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्ण घेतलं. हे प्रत्येक पूलवर कुणीतरी सांगतंच. ऐकून घ्यावं आणि आपल्या पोराला टोपी घालायला मदत करावी.

बरोबर काय न्यायचं? प्रत्येक मुलामागे दोन टॉवेल, जास्तीचा गॉगल, सनस्क्रीन, सावलीसाठी तंबू. डबा आपला असू द्या. दशम्या आणि चिवड्याला पहिल्या तासात गिऱ्हाइकं जमतात. ढग गडगडले की सगळे पाण्याबाहेर, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. त्यामुळे दुपारचं कुणाला कबूल करू नका.

आणि नाव आधीच नोंदवा, टायमर म्हणून. उशीर केलात तर निकालाच्या टेबलावर बसवतील, आणि आमच्या पूलवर तरी तिथून पाणी दिसत नाही.