*जीपला पाटे वाढवले, मागे ट्रॉली जोडली: भार कुठे बसतो ते आधी बघा*



टोमॅटोची तोडणी सुरू झाली की पिकअप वेळेवर मिळत नाही. म्हणून काही सभासद घरच्या फोर बाय फोर जीपलाच दोन चाकी ट्रॉली जोडतात. जीप वर उचललेली, टायर मोठे, मागे जादा पाटे. मळ्यातून पक्क्या रस्त्यापर्यंत हे चालून जातं. पण भरलेली ट्रॉली घेऊन हायवेने पिंपळगावच्या मार्केटला जायचं असेल, तर पुढचं वाचा.

*१) पाट्याने ताकद वाढत नाही*
पाटे वाढवले की गाडी मागून बसत नाही, एवढंच. एक्सल, बेअरिंग, चासी आणि ब्रेक कंपनीने दिले तेवढ्याच ताकदीचे राहतात. आधी गाडी बसली की जास्त भरलंय हे डोळ्याला दिसायचं. आता ते दिसत नाही, भार मात्र तेवढाच असतो. त्यात टायर मोठे असले की त्याच ब्रेकला गाडी थांबवायला जास्त जोर लागतो.

*२) हुकावरचा भार मागच्या चाकांवर दीडपट पडतो*
समजा रिकामी ट्रॉली ४०० किलो आणि त्यात २० किलोचे ३० क्रेट, म्हणजे एकूण १००० किलो. यातला साधारण १० टक्के, म्हणजे १०० किलो भार हुकावर यायला हवा. हूक मागच्या एक्सलपासून १.२ मीटर मागे आणि दोन्ही एक्सलमधलं अंतर २.४ मीटर असेल, तर पहारीने दगड उचलावा तसं होतं. पुढच्या चाकांवरचे ५० किलो कमी होतात आणि मागच्या चाकांवर १५० किलो वाढतात. पुढची चाकं हलकी झाली की स्टेअरिंग हलकं लागतं आणि पुढचे ब्रेक कमी पकडतात.

*३) उलाळ ट्रॉली सगळ्यात धोक्याची*
बैलगाडीत माल मागे भरला की गाडी उलाळते, हे आपल्याला माहीत आहे. जीप उंच केली की हूकही वर जातो, ट्रॉलीचं तोंड वर होतं आणि भार मागे सरकतो. अशी ट्रॉली वेग वाढला की शेपटीसारखी डावी-उजवीकडे हलायला लागते आणि जीपलाही ओढते. हा दोष पाटे वाढवून जात नाही. हूक खाली घेऊन आणि माल पुढे सरकवूनच जातो.

*निघण्यापूर्वी एवढं करा*
✅ सपाट जागेवर ट्रॉली जोडून बाजूने बघा. तळ जमिनीला समांतर हवा. नसेल तर चांगल्या गॅरेजमधून हूक खाली घ्या. घरी वेल्डिंग करू नका.
✅ निम्म्यापेक्षा थोडे जास्त क्रेट ट्रॉलीच्या एक्सलच्या पुढे ठेवा. जड माल तळाला.
✅ ट्रॉली सोडून चाकांना दगड लावा. दांडीचं टोक हुकाच्याच उंचीला राहील असा ओंडका गोणीच्या काट्यावर ठेवून त्यावर टेकवा. काट्यावर दिसेल तो हुकावरचा भार.
✅ हुकाची पिन, तिचं लॉक आणि दोन साखळ्या तपासा. साखळ्या दांडीखालून फुलीसारख्या लावा.
✅ ट्रॉलीचे दिवे, इंडिकेटर, टायरची हवा आणि पाट्यांचे यू-बोल्ट बघा.

*रस्त्यावर*
ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर उतारावर ती जीपला मागून ढकलते. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका. ट्रॉली हलायला लागली तर जोरात ब्रेक मारू नका, वेगही वाढवू नका. स्टेअरिंग सरळ धरा आणि ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा. ट्रॉलीत माणसं बसवू नका, मजूर असले तरी.

*कागदपत्रं*
मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाहीत. अपघात झाला तर विम्याच्या दाव्यालाही अडचण येऊ शकते. जीप किती वजन ओढू शकते ते गाडीच्या पुस्तकात बघा. ट्रॉलीची नोंदणी आणि जीपला ती जोडायची परवानगी याबद्दल आरटीओत विचारून घ्या.

ओझं जास्त वाटलं तर दोन खेपा करा. डिझेल जास्त जाईल, पण माल आणि माणूस दोन्ही घरी येतील.

शंका असेल तर याच नंबरवर ट्रॉली जोडलेल्या जीपचा बाजूने काढलेला फोटो पाठवा.

– कृषी सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी