पॅनेलच्या डोक्यावरचं कर्ज
(वीज आणि आपण : लेखांक 6)

मागच्या आठवड्यातला लेख वाचून सोसायटीतल्या एका काकांनी मला जिन्यातच गाठलं. "सूर्य धूर सोडत नाही, मान्य. पण ते पॅनेल काय झाडाला लागतं?"

प्रश्न रास्त आहे. पॅनेल झाडाला लागत नाही, भट्टीत तयार होतं. आणि भट्टीही एक नव्हे. गारगोटीच्या जातीचा क्वार्ट्झ दगड कोक-कोळशासोबत दोन हजार अंशांच्या आसपास तापवला की सिलिकॉन सुटं होतं. इथला कोळसा केवळ उष्णतेसाठी नसतो. दगडातला ऑक्सिजन ओढून घ्यायला कार्बनच लागतो आणि तो कार्बन डायऑक्साइड होऊनच बाहेर पडतो. म्हणजे भट्टी पवनचक्कीच्या विजेवर चालवली तरी थोडा धूर ठरलेलाच.

हे सिलिकॉन 98-99 टक्के शुद्ध असतं, पण सौरघटाला तेवढ्यानं भागत नाही. त्याचं वायुरूप संयुग करून, गाळून, सुमारे 1100 अंशांवर तापलेल्या सळ्यांवर ते पुन्हा थर थर साचवतात. सगळ्यात जास्त वीज खाणाऱ्या कामांपैकी हे एक. मग 1414 अंशांवर ते वितळवून त्यातून एकसंध स्फटिकाचा लांबलचक दंडगोल ओढायचा आणि बारीक तारेनं त्याच्या चकत्या कापायच्या. चकतीची जाडी मिलिमीटरच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढी. पापडही तिच्यापुढे जाडजूड वाटेल. इतकी मेहनत करून शुद्ध केलेल्या मालातला बराचसा कापतानाच भुसा होऊन जातो. वर काच आणि अ‍ॅल्युमिनियमची चौकट, तीही भट्टीतूनच आलेली.

सिलिकॉन शुद्ध करण्यापासून पॅनेल जोडण्यापर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा 80 टक्क्यांहून अधिक आहे, आणि चीनची निम्म्याहून जास्त वीज कोळशाची. तेव्हा आपल्या गच्चीवरचं पॅनेल उतरवून घेताना त्यासोबत तिकडच्या कोळशाचा धूरही आपण हिशेबात उतरवून घेतो. काकांचा मुद्दा इथपर्यंत सोळा आणे खरा.

आता पुढचं गणित. खाणीपासून भंगारापर्यंतचं सगळं उत्सर्जन मोजायचं आणि आयुष्यभरात निघालेल्या युनिटांनी भागायचं, अशी ही पद्धत. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक आंतरसरकारी समितीनं, म्हणजे आयपीसीसीनं, 2014 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून मधले आकडे काढले. दर युनिटमागे कोळसा 820 ग्रॅम, नैसर्गिक वायू 490, छतावरचं सौर 41, जलविद्युत 24, अणुऊर्जा 12, जमिनीवरची पवनचक्की 11.

कोळशाचा आकडा एवढा का फुगतो? आपल्याकडे एका युनिटसाठी साधारण साडेसहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो. त्यात राख भरपूर. पण जो कार्बन असतो तो हवेतला ऑक्सिजन अंगावर घेऊन बाहेर पडतो. एक किलो कार्बनचा जवळपास पावणेचार किलो वायू होतो. जाळलेल्या वस्तूपेक्षा धूर जड, हे ऐकायला विचित्र वाटतं खरं. चंद्रपूरचं कोळशावरचं वीजकेंद्र उभारताना लागलेलं सिमेंट आणि लोखंड या रोजच्या जळणापुढे किरकोळ ठरतं.

घरचा हिशेब मांडू. महाराष्ट्रात एक किलोवॅटचं पॅनेल वर्षाला चौदाशेच्या आसपास युनिटं देतं. तीन किलोवॅटची जोडणी 25 वर्षांत, दरसालची थोडी घट धरून, लाखभर युनिटं देईल. 41 ग्रॅमच्या दरानं जन्माचं कर्ज झालं सुमारे चार टन. तेवढीच वीज कोळशाची घेतली तर 82 टन. वर्षाला तीन-सव्वातीन टन वाचतात, म्हणजे पंधरा-सोळा महिन्यांत कर्ज फिटलं.

सौर या यादीत पहिलं नाही, हेही नोंदवायला हवं. पवनचक्की आणि अणुऊर्जा त्याच्या पुढे आहेत. अणुविजेबद्दलची भीती वेगळी, धुराचा हिशेब वेगळा. जलविद्युतचा 24 हा आकडा मला फारसा भरवशाचा वाटत नाही. उष्ण प्रदेशातल्या धरणाखाली बुडालेली झाडंझुडपं कुजून मिथेन सोडतात, त्यामुळे एका धरणाचा आकडा दुसऱ्याला लावता येत नाही. शिवाय सौरच्या 41 ग्रॅममध्ये बॅटरी नाही. रात्रीसाठी वीज साठवायची तर तिचं कर्ज वेगळं. तो पुढच्या लेखांकाचा विषय.

सौरचा आकडाही दगडावरची रेघ नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्याच युरोपविषयक आर्थिक आयोगानं 2021 मध्ये तो 8 ते 83 ग्रॅम असा दिला. हा फरक काही अंशी पॅनेल कुठल्या विजेवर घडलं यावरून पडतो, आणि काही अंशी ते कुठे बसवलं यावरून. कर्ज कारखान्यातच ठरून आलेलं असतं. तेच पॅनेल जर्मनीत किलोवॅटमागे वर्षाला हजारएक युनिटं देतं, आपल्याकडे चौदाशे. भागाकारातला खालचा आकडा मोठा झाला की दर युनिटमागचा धूर आपोआप उतरतो. सावलीत बसवलं किंवा उन्हाळाभर धुळीखाली ठेवलं, तर उलटं होतं.

म्हणून गच्चीवर पॅनेल बसवणार असाल तर डिसेंबरात एक दिवस सकाळी दहाला आणि दुपारी तीनला वर जा, आणि पाण्याच्या टाकीची सावली कुठवर पोचते तिथे खडूनं रेघ मारून ठेवा.