धुराचे औषध रस्त्यावरच

खोकल्याचा रुग्ण आला की "विडी ओढता का?" हा आम्हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो. "दिवसभर कुठे उभे असता?" हे विचारायचे मात्र मीही बरीच वर्षे विसरत असे. वाहनांचा धूरही तंबाखूप्रमाणेच आजाराला कारण होतो. त्यावर एका वाढत्या आफ्रिकी शहराने काय उपाय केले, ते आज सांगतो.

हे शहर म्हणजे पूर्व आफ्रिकेतील रवांडा देशाची राजधानी किगाली. २०२२ च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या सुमारे साडेसतरा लाख भरली. शहर टेकड्यांवर वसलेले, चढउतार पुष्कळ. त्यामुळे भाड्याच्या मोटारसायकलींना मोठी मागणी. त्यांना तिथे 'मोटो' म्हणतात. आपण रिक्षाला हात करतो तसा मोटोला करायचा, चालकाने दिलेले हेल्मेट घालायचे आणि मागे बसायचे. सोय मोठी, पण पेट्रोलच्या इंजिनावर चढाचा ताण आला की धूरही वाढतो. दिवसभर रस्त्यावर असणारा चालक तो सर्वांत जास्त ओढतो.

या धुरातील अतिसूक्ष्म कणांची जाडी आपल्या केसाच्या तिसाव्या हिश्श्याहूनही कमी असते. नाक आणि घसा त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोचतात, काही तर रक्तातही उतरतात. म्हणूनच दमा आणि खोकला एवढ्यावर हे भागत नाही, हृदयविकार व पक्षाघाताचा धोकाही वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये घराबाहेरील दूषित हवेने जगात सुमारे ४२ लाख अकाली मृत्यू झाले.

किगालीचा पहिला उपाय म्हणजे मोटारमुक्त रविवार. २०१६ पासून ठरावीक रविवारी सकाळी काही तास मुख्य रस्त्यांवर मोटारींना बंदी असते. आधी हे महिन्यातून एकदा होई, पुढे दोनदा होऊ लागले. लोक धावतात, सायकली चालवतात, एकत्र व्यायाम करतात आणि तिथेच त्यांचा रक्तदाब व साखर मोफत तपासली जाते. मला ही कल्पना फार पटली. धूर आणि बैठेपणा हे हृदयाचे दोन शत्रू, त्या दोघांशी एकाच सकाळी सामना!

दुसरा उपाय विजेच्या मोटोंचा. बॅटरी भरेपर्यंत थांबावे लागले तर चालकाची रोजी बुडेल. म्हणून उतरलेली बॅटरी केंद्रावर द्यायची आणि भरलेली घ्यायची. हे काम काही मिनिटांत होते. जानेवारी २०२५ पासून किगालीत भाड्यासाठी नव्याने नोंदवायची मोटारसायकल विजेचीच असावी, असा नियम झाला.

म्हणजे प्रश्न मिटला का? नाही. टायर झिजून उडणारी धूळ विजेच्या गाडीनेही उडते. वीज तेल जाळून तयार केली, तर धूर फक्त जागा बदलतो. शिवाय गाडी कोणतीही असो, तिच्यावर बसून पायांना व्यायाम होत नाही.

तेव्हा जवळची कामे पायी करा. गाडी उभी असताना इंजिन बंद ठेवा. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर तपासून घ्या आणि काम रस्त्यावरचे असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. मी तरी आता तो दुसरा प्रश्न विचारायला विसरत नाही.