नाव पाहावे की नाणे?

जतला यल्लम्मादेवीच्या यात्रेत जनावरांचा बाजार भरतो, तो आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. तिथे बैल घेणारा शेतकरी शिंगांचा रंग आणि गळ्यातली घुंगरमाळ पाहून पैसे मोजत नाही. तो दात पाहतो, चालवून पाहतो, आणि मनाशी विचारतो, की हा माझ्या रानात किती वर्षे चालेल? बैलाच्या बाबतीत आपण एवढे चोखंदळ. पण मुलाला किंवा मुलीला वकिलीच्या शिक्षणाला घालायची वेळ आली, की आपण घुंगरमाळेच्या आवाजालाच भुलतो. कधी ती माळ कॉलेजच्या मोठ्या नावाची असते, तर कधी शिष्यवृत्तीच्या आकड्याची.

समजा, उमदी किंवा संखकडची एक मुलगी बारावी चांगल्या गुणांनी पास झाली आहे. तिला वकील व्हायचे आहे. दोन ठिकाणी तिची निवड झाली आहे. एक लांबच्या शहरातले राष्ट्रीय विधी विद्यापीठ, दुसरे सांगली-कोल्हापूरकडचे साधे विधी महाविद्यालय. पहिल्याचे नाव मोठे, खर्चही मोठा. दुसऱ्याला नाव बेताचे, पण तिथे फी माफ होते. वडील गुरुजींकडे येऊन विचारतात, ‘गुरुजी, दोन एकर रान विकू का?’ आता गुरुजींनी काय सांगावे? त्याचाच विचार आज आपण करू.

प्रथम मोठ्या नावाची बाजू नीट ऐकून घेऊ. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात १९८८ साली पहिली तुकडी बसली. बारावीनंतर पाच वर्षे सलग कायदा शिकवण्याची पद्धत तिथून देशभर रुजली. आपल्या राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे अशी विद्यापीठे आहेत. तिथे ग्रंथालय मोठे असते, इंग्रजीत वाद घालण्याचा सराव होतो, सोबती तयारीचे मिळतात आणि मोठमोठ्या कंपन्या नोकरी द्यायला दारात येतात. उच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत चालते, तेव्हा मराठी शाळेतून आलेल्या मुलाला हा सराव फार उपयोगी पडतो. नावाला किंमत आहे, हे खोटे नाही. मात्र फी, वसतिगृह आणि खाणावळ धरून तिथला खर्च वर्षाला दोन-तीन लाखांच्या पुढे जातो, हेही तितकेच खरे.

आता नावाने काय मिळत नाही ते पाहू. सनद सर्वांना एकच मिळते. विद्यापीठ कोणतेही असो, पदवीनंतर बार कौन्सिलची अखिल भारतीय परीक्षा सर्वांना सारखीच द्यावी लागते. नावनोंदणीची फीही सारखीच. काही राज्यांत त्यासाठी हजारो रुपये घेतले जात. २०२४ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कायद्यात लिहिलेल्या ७५० रुपयांपेक्षा, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५ रुपयांपेक्षा, जास्त घेता येणार नाही. ही रक्कम ठाऊक असू द्या.

आणि नाव तरी कायमचे कुठे असते? प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांचा जन्म १९०१ सालचा, साताऱ्याचा. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातून ते १९२६ साली एलएल.बी. झाले. ते महाविद्यालय निघाले होते १९२४ साली. म्हणजे त्या वेळी त्याचे वय अवघे दोन वर्षांचे! पुढे १९६४ साली गजेंद्रगडकर भारताचे सरन्यायाधीश झाले. आज आयएलएसचे नाव मोठे आहे, ते अशा विद्यार्थ्यांनी मोठे केले.

आता नाण्याची बाजू. शिष्यवृत्तीचा आकडा ऐकून हुरळून जाऊ नये. तिच्या तीन गोष्टी तपासाव्यात: ती कशाकशाला पुरते, किती वर्षे पुरते, आणि तिच्यावर अट कोणती आहे. या बाबतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे. त्यांचे लहानपणीचे शिक्षण साताऱ्याच्या सरकारी शाळेत झाले. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. महिन्याला साडेअकरा पौंड मिळत. परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करीन, असे त्यांना लिहून द्यावे लागले होते. १९१६ साली ते लंडनला बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये दाखल झाले. पण १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले. मग प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत घेतली, मित्राकडून कर्ज घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. मोठ्या संस्थेने त्यांना पुष्कळ दिले, यात शंका नाही. पण पैशाची मुदत आधी संपली आणि शिक्षण मागे उरले, तर काय सोसावे लागते, हेही त्यातून दिसते. बाबासाहेबांनी ते सोसून पार पाडले. प्रत्येक मुलाला दुसरी संधी मिळतेच असे नाही.

आजच्या सवलतीही अशाच वाचाव्यात. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, अशा आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी फी व परीक्षा फी राज्य शासनाने २०२४-२५ पासून पूर्ण माफ केली. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने निम्म्या फीची योजना आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या योजना आहेत. पण मुलींची ही माफी राज्याच्या केंद्रीय प्रवेशफेरीतून प्रवेश घेणारीला मिळते. खासगी विद्यापीठात आणि खासगी अभिमत विद्यापीठात ती लागू नाही. म्हणजे कॉलेज बदलले, की माफीही हातची जाऊ शकते. शिवाय खोलीभाडे आणि जेवण त्यात येत नाही. अमेरिकेत काही विधी महाविद्यालये मोठी शिष्यवृत्ती देतात, पण गुण अमक्याच्या खाली गेले तर ती बंद, अशी अट घालतात. असा खाली घसरणारा विद्यार्थी पुढच्या वर्षी पूर्ण फीच्या तोंडी जातो. आपल्याकडेही एखादी संस्था स्वतःची शिष्यवृत्ती देऊ करील, तेव्हा अट लेखी मागून घ्यावी. तोंडी आश्वासनावर पाच वर्षे निघत नाहीत.

आता मुख्य गोष्ट सांगतो. आपण हिशेब पाच वर्षांचा करतो. तो आठ वर्षांचा करावा. कारण वकिलीची पहिली तीन वर्षे कमाईची नसतात. ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली तारखा, अर्ज आणि कागद शिकण्यात ती जातात. न्यायाधीशाची परीक्षा द्यायची म्हटली, तरी सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या मे महिन्यात तीन वर्षे वकिलीची अट पुन्हा घातली आहे. बार कौन्सिलने २०२४ साली अशी शिफारस केली, की नव्या वकिलाला शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे. ही शिफारस आहे, सक्ती नव्हे.

आता पाहा. दहा लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे, तर महिन्याचा हप्ता सुमारे १३,२०० रुपये पडतो. शिकत असताना हप्ता नसला, तरी व्याज साचतच असते; ते वेगळेच. शिफारशीप्रमाणे १५,००० मिळाले असे धरले, तरी हातात राहिले १,८००. त्यात जेवण आले, भाडे आले, काळा कोट आला. असा पोरगा वकिली सोडून मिळेल ती नोकरी धरतो. ज्या कामासाठी रान विकले, तेच काम सुटते. घाटा होतो तो इथे.

म्हणून निर्णय कामावरून करावा. मुलीला कंपनीत कायद्याची नोकरी करायची असेल, आणि विद्यापीठाची मदत पाचही वर्षांना लेखी पुरत असेल, तर खुशाल मोठ्या नावाकडे जावे. रान न विकता जावे. तिला जत किंवा सांगलीच्या कोर्टात उभे राहायचे असेल, तर घराजवळचे महाविद्यालय, अंगावर कर्ज नाही, आणि सुट्टीत एखाद्या चांगल्या वकिलांकडे बसायला मिळते, हा सौदा अधिक किफायतशीर. आपल्या तालुक्यात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलता येणाऱ्या वकिलाजवळ अशील मोकळेपणाने बोलतो. ते भांडवल कुठल्याही विद्यापीठात विकत मिळत नाही. शिवाय १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात चालू झाले आहे. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याला जोडले आहेत. उच्च न्यायालयाचे काम शिकायला मुंबईच गाठली पाहिजे, असे आता राहिले नाही.

मधली वाटही विसरू नका. पुण्याचे आयएलएस आणि १८५५ साली स्थापन झालेले मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय यांना नावही आहे आणि फीही राष्ट्रीय विद्यापीठांच्या मानाने पुष्कळ कमी आहे. शिवाय आधी पदवी घेऊन मग तीन वर्षांचा अभ्यासक्रम करता येतो, तोही चांगल्या जागी.

गुरुजनांना एकच विनंती. वडील दारी आले, की ‘नाव मोठे आहे, पाठवा’ किंवा ‘परवडणार नाही, राहू द्या’ असे एका वाक्यात सांगून मोकळे होऊ नका. एक कागद घ्या. त्यावर आठ वर्षांच्या आठ ओळी आखा. प्रत्येक ओळीत खर्च, लेखी मिळणारी मदत आणि घरातून घालायची रक्कम लिहा. मुलीलाही शेजारी बसवा, कारण आठ वर्षे तिची आहेत. ज्या ओळीपाशी बेरीज जुळत नाही, तिथे बोट ठेवा आणि विचारा, ‘या वर्षी पैसा कुठून आणणार?’ उत्तर मिळाले, तर मोठे नाव धरा. न मिळाले, तर रान राखा आणि पोरीला जवळच्या कॉलेजात घाला. वकील ती तिथेही होईल, आणि सुट्टीला येईल तेव्हा घरचे रान घरचेच असेल.