आगबोट, पेटी आणि बाटली

सुरापान व समुद्रयान ही दोन्ही कर्मे आमच्या धर्मशास्त्रकारांनी ब्राह्मणास निषिद्ध ठरविली आहेत. पहिले पंचमहापातकांत मोडते. दुसरे बौधायनाने पतनीय कर्मांत घातले आणि पुढील निबंधकारांनी कलिवर्ज्यांत आणून बसविले. गेल्या वर्षी, वयाच्या ६७ व्या वर्षी, आम्ही यांपैकी दुसरे पाप राजरोस केले आणि पहिल्याचा आळ चार लोकांदेखत अंगावर घेतला. ते कसे घडले, आणि हल्ली पुष्कळ सुशिक्षित कुटुंबे मुलाबाळांसह ज्या मोठमोठ्या आगबोटींवरून सहलीस जातात त्यांवर मद्य नेण्याविषयी नियम काय असतात, हे वाचकांच्या कानी घालावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे वडील बंधू (आम्ही त्यांस दादा म्हणतो) यांचे ज्येष्ठ चिरंजीव न्यू जर्सी प्रांतात राहतात. त्यांनी घरच्या सर्व वडीलधाऱ्यांस बोलावून घेतले व फ्लॉरिडातील पोर्ट कॅनाव्हरल या बंदरातून बहामा बेटांची पाच दिवसांची सहल ठरविली. मंडळी एकूण नऊ: दादा, वहिनी, आम्ही, आमचे कुटुंब, ज्येष्ठ पुतण्या, सूनबाई, त्यांची दोन मुले, आणि बंगळूरास नोकरीस असलेला दादांचा धाकटा मुलगा. हा वयाने ३१ वर्षांचा, स्वभावाने लाघवी, व आमचा विशेष लाडका. निघण्यापूर्वी दादांनी एकच प्रश्न विचारला: "बोटीवर दारू असते काय?" धाकट्याने तत्काळ उत्तर दिले, "बाबा, बाहेरून नेऊच देत नाहीत." उत्तर खरे होते, परंतु ते 'नरो वा कुंजरो वा' या जातीचे होते, हे दादांस बोटीवर पाऊल ठेवल्यावर कळले. आत पाहतो तो मजल्यामजल्यास मद्याची दुकाने! एका बाजूस पोरे पाण्यात डुंबताहेत, आणि दहा पावलांवर त्यांचे आईबाप उंच स्टुलांवर बसून पेले रिकामे करताहेत. दादा त्या दिवशी दुपारी जेवले नाहीत.

अमरसिंहाने मद्याच्या नावांत 'वरुणात्मजा' असेही एक नाव दिले आहे, कारण समुद्रमंथनातून वारुणी निघाली. जी समुद्रातून वर आली तीच पुन्हा समुद्रावर नेण्यास मज्जाव, आणि तोही ती विकणाऱ्यांकडूनच, हे कोडे आम्हांस पहिले दोन दिवस उलगडेना. मग ज्येष्ठ पुतण्याने नियम समजावून दिले. सर्व कंपन्यांचे नियम एक नाहीत. डिस्ने कंपनीच्या बोटी तर मुलांसाठीच प्रसिद्ध; तेथे २१ वर्षांवरील प्रवाशास द्राक्षमद्याच्या दोन बाटल्या किंवा बीअरचे सहा डबे आणता येतात, आणि तेवढेच पुन्हा वाटेतील प्रत्येक बंदरावरूनही. कार्निव्हल कंपनी ७५० मिलिलिटरची द्राक्षमद्याची एक बाटली प्रत्येक प्रौढास, तीही केवळ चढण्याच्या दिवशी आणू देते. व्हिस्की, रम, व्होडका अशा कडक मद्यास दोन्हीकडे मुळीच वाव नाही. स्वतःची बाटली भोजनगृहात नेऊन उघडविली तर बूच काढण्याचा आकार निराळा पडतो. तो बाटलीमागे १५ डॉलरांपासून पंचवीसेक डॉलरांपर्यंत असू शकतो. आमच्यासारख्यास हे पैसे म्हणजे एका बुचाचे की बाटलीचे असा प्रश्न पडतो. पण तो आमचा प्रांत नव्हे.

या नियमांत एक कलम मात्र आम्हांस फार विचार करण्यासारखे वाटले. जे आणण्याची परवानगी आहे, ते हातातल्या पिशवीत आणले पाहिजे. धक्क्यावर हमालांच्या स्वाधीन करावयाच्या मोठ्या पेटीत घालून चालत नाही. म्हणजे बाटली तपासनिसाच्या डोळ्यांदेखत, आपल्या हाताने, यंत्राच्या पट्ट्यावर ठेवावयाची. पेटीत सापडली तर ती लपविलेली समजली जाते.

एवढा खटाटोप कशासाठी? पहिले कारण पैसा, हे सांगावयास अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. बोटीचे भाडे शक्य तितके कमी ठेवून लोकांस बोलवावयाचे आणि मग मद्य, जुगार, किनाऱ्यावरील सहली इत्यादींवर मिळवावयाचे, असा या धंद्याचा रोख आहे. मोठ्या कंपन्यांच्या उत्पन्नाचा सुमारे तिसरा हिस्सा भाड्याव्यतिरिक्त खर्चातून येतो. दिवसाची ठराविक रक्कम भरून हवे तितके पिण्याचीही सोय असते; पण ती एकाने घेतली की त्याच खोलीतील दुसऱ्या प्रौढासही सामान्यतः घ्यावीच लागते, नाहीतर एकाच्या पैशांत दोघे पितील! कार्निव्हलच्या या योजनेत २४ तासांत १५ पेल्यांची मर्यादा आहे. १५ ही मर्यादा ऐकून आमच्या कुटुंबाने कपाळास हात लावला.

परंतु केवळ लोभ म्हणून हा नियम उडवून लावणे अन्यायाचे होईल. दुकानात बसून पिणाऱ्यास 'आता पुरे' असे सांगणारा कोणी तरी समोर उभा असतो. बंद खोलीत बाटली घेऊन बसलेल्याचे पेले कोण मोजणार? आणि खोलीच्या सज्जाखाली तर सात-आठ मजले खोल समुद्र. अमेरिकेने २०१० साली कायदा करून अशा बोटींचे कठडे निदान ४२ इंच उंच असलेच पाहिजेत असे ठरविले. आम्ही आमच्या सज्जातील कठडा वितीने मोजून पाहिला व बरे वाटले.

आता लोक किती युक्त्या लढवितात ते पाहावे. दुर्बिणीच्या आकाराच्या पोकळ कुप्या, केस विंचरण्याच्या फणीच्या मुठीतील कुप्या, उन्हाचा मलम म्हणून खपणाऱ्या बाटल्या हे सर्व याच कामासाठी बाजारात विकत मिळते. पाण्याच्या सीलबंद बाटल्यांत व्होडका भरून आणण्याचे प्रकार इतके माजले की २०१५ साली कार्निव्हलने बाटलीबंद पाणी व सरबतेदेखील आणू देणे बंद केले. डबे व पुठ्ठ्याची खोकी तेवढी ठेविली. सर्वांत जुनी व सर्वांत लोकप्रिय युक्ती म्हणजे चूळ भरण्याच्या औषधाची बाटली रिकामी करून तीत मद्य भरणे, व खाण्याचा हिरवा वा निळा रंग टाकून ते औषधासारखे दिसेल असे करणे.

या शेवटच्या युक्तीशी आमचा परिचय पहिल्याच सायंकाळी झाला. सर्वांच्या पेट्या खोल्यांच्या दाराशी येऊन पडल्या, आमची येईना. तीत आमचे कपडे, दादांची धोतरे व दोघांच्या संध्येची उपकरणी होती. दिवेलागण झाली तेव्हा दाराशी एक चिठ्ठी आली: पेटी अमुक खालच्या मजल्यावर आहे, स्वतः येऊन उघडावी. दादा सोवळ्याच्या अडचणीने आधीच त्रासलेले, तेही निघाले. वाट दाखविण्यास म्हणून धाकटा पुतण्या आला. त्या जागेस अमेरिकन प्रवासी थट्टेने 'द्वाड मुलांची खोली' म्हणतात असे पुढे कळले. नाव अगदी यथार्थ आहे. भिंतीलगत पेट्या मांडलेल्या, आणि त्यांचे दहा-बारा धनी, चांगले सुटाबुटातले गृहस्थ, हेडमास्तरांच्या खोलीबाहेर उभ्या केलेल्या पोरांसारखे खाली पाहत उभे. आम्ही ३८ वर्षे त्या दाराच्या आतल्या बाजूस काढली होती.

तपासनीस एक फिलिपिनो तरुण होता, बोलण्यात अतिशय अदबशीर. "पेटी आपलीच ना?" "आमचीच." त्याने झाकण उघडले. प्रथम पळीपंचपात्र निघाले. ते त्याने दोन्ही हातांनी बाजूस ठेविले. मग आमची द्राक्षासवाची बाटली निघाली. तिच्यावरील चिठ्ठीवर इंग्रजीत स्पष्ट छापलेले असते की यात नैसर्गिक रीतीने निर्माण झालेले मद्यार्क आहे. ३० वर्षे जेवणानंतर दोन चमचे घेत असूनही ती ओळ आम्ही त्या दिवशी प्रथम लक्षपूर्वक वाचली! त्याने वास घेतला, तोंड वाकडे केले, औषध आहे असे पटून ती परत दिली. आणि शेवटी धोतरांच्या घडीतून एक हिरवी बाटली निघाली. ती आम्ही पूर्वी पाहिलेलीही नव्हती. त्याने बूच फिरविले, हुंगले, आणि आमच्या पांढऱ्या केसांकडे पाहून अगदी हलक्या आवाजात विचारले, "हीसुद्धा आपलीच?"

आमच्या मागे धाकट्याचा श्वास थांबलेला आम्हांस ऐकू येत होता. 'आमची नव्हे' म्हणावे, तर पुढचा प्रश्न 'मग कोणाची?' आणि शेजारी त्याचे वडील उभे, ज्यांनी ७६ वर्षांत चहावाचून दुसरे व्यसन जाणले नाही. 'आमची' म्हणावे, तर आयुष्यभर फळ्यावर जे लिहिले ते एका क्षणात पुसावयाचे. आम्ही म्हणालो, "पेटी आमची आहे. तीत जे असेल त्याबद्दल आम्ही उत्तरदायी आहोत." वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते, आणि घरून निघताना पुतण्याने आपल्या वडिलांस दिलेल्या उत्तराचेच ते सख्खे भावंड होते. तपासनिसाने वहीत खोली क्रमांक टिपला, बाटली ठेवून घेतली, आमची सही घेतली. याहून अधिक शिक्षा झाली नाही.

रात्री दादा व आम्ही वरच्या मजल्यावर वाऱ्यास बसलो होतो. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू तर जन्मभर दंतमंजन लावीत आलास. चूळ भरण्याचे औषध केव्हापासून?" आम्ही म्हटले, "दादा, आता वय झाले." त्यावर ते समुद्राकडे पाहत म्हणाले, "त्याला सांग, बूच नीट बसले नव्हते. माझ्या दोन धोतरांना वास लागला आहे."

आम्ही तो निरोप त्याच रात्री शब्दशः पोहोचविला. पुतण्या खाली मान घालून म्हणाला, "काका, तुम्ही माझ्यासाठी खोटे बोललात." "खोटे नव्हे, अपुरे बोललो," आम्ही म्हटले, "आणि तू पितोस की नाही हे विचारण्याचा अधिकार तुझ्या वडिलांचा, आमचा नव्हे. आम्हांस राग आला तो निराळाच. म्हाताऱ्याच्या, संध्या करणाऱ्याच्या पेटीवर कोणी संशय घेणार नाही, असा हिशेब करून तू आमची पेटी निवडलीस." यावर तो काही बोलला नाही. आम्हीही अधिक ताणले नाही; परंतु त्या रात्री झोप लागली नाही हे खरे.

दुसऱ्या दिवशी बोट नासाऊस लागली. बहामाची ही राजधानी आज सहलकऱ्यांच्या झुंडींनी गजबजलेली असते; पण तिचा एक काळ याच विषयाशी बांधलेला आहे. अमेरिकेत १७ जानेवारी १९२० पासून ५ डिसेंबर १९३३ पर्यंत सरसकट दारूबंदी होती. त्या १३ वर्षांत नासाऊच्या वखारी मद्याने भरून वाहत, आणि तेथून गलबतेच्या गलबते अमेरिकेच्या किनाऱ्याकडे चोरून जात. आगबोटींचा तर कायदेशीर तंटाच उभा राहिला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली निकाल दिला की तीन मैलांच्या हद्दीत परकी बोटीनेसुद्धा मद्य आणता कामा नये, मग ते कुलपात असले तरी हरकतच. ब्रिटिश कंपन्यांनी ओरड केली. तेव्हा १९२४ च्या तहाने मोहोरबंद मद्य बोटीवर ठेवण्याची मुभा मिळाली व त्याच्या मोबदल्यात, एका तासात किनारा गाठता येईल एवढ्या अंतरावर संशयित ब्रिटिश जहाजांची झडती घेण्याचा हक्क अमेरिकेस मिळाला. हे ऐकताना आम्हांस आमचा भाऊचा धक्का आठवला. लहानपणी गोव्याहून येणाऱ्या बोटीतून आम्ही आईबरोबर उतरत असू. त्या दिवसांत मुंबईत दारूबंदी होती, आणि फेणीच्या संशयाने शिपाई वळकट्यांत काठी खुपसून पाहत. आमच्या वळकटीतून एकदा आमसुले निघाली. २०२१ पासून मुंबईहून पुन्हा सहलीच्या बोटी सुटू लागल्या आहेत. त्यांवरही बाहेरचे मद्य आणू देत नाहीत. नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढतानाच कंपनीस विचारून घेणे इष्ट.

नासाऊस आम्ही ज्येष्ठांनी राणीच्या नावाचा जिना पाहिला, नारळाचे पाणी घेतले व सावलीत बसलो. धाकटा एकटाच बाजारात गेला होता. बंदरावर घेतलेल्या कडक मद्यास बोटीवर बंदी नसते. मात्र ते शिडीपाशीच जमा करून पावती घ्यावयाची, व सहल संपताना माल ताब्यात मिळावयाचा, अशी तेथील रीत. आम्ही परतलो तेव्हा तो शिडीपाशी रांगेत उभा होता. हातातील कागदी पिशवी त्याने उघडी धरली होती, बाटलीची मान बाहेर दिसत होती. त्याने ती पट्ट्यावर ठेविली, मेजावर जमा केली, पावती घेतली आणि आमच्याकडे न येता सरळ दादांसमोर जाऊन ती त्यांच्या हातात दिली.

वहिनींनी आमच्याकडे पाहिले. आम्ही मुलांच्या बुटांच्या नाड्या बांधू लागलो. दादांनी खिशातून चष्मा काढला, तो पुसला, पावती दोनदा वाचली, आकड्यावर बोट ठेवून विचारले, "हे रुपये किती होतात?"

त्याने सांगितले.

"बंगळूरास महाग पडते काय?"

"हो, बाबा."

"हं," दादा म्हणाले, पावतीची घडी करून त्यांनी ती आपल्या पंचांगात ठेविली, आणि सायंसंध्येची वेळ झाली म्हणून खोलीकडे वळले.