संगीताच्या पदवीसाठी केवळ ‘विशारद’ पुरेसे नाही

पुणे, प्रतिनिधी - बारावीचा निकाल लागला, की अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेशांच्या धामधुमीत काही विद्यार्थी संगीताच्या पदवी अभ्यासक्रमांकडे वळतात. वर्षानुवर्षे गुरूंकडे तालीम घेतलेल्या, ‘विशारद’ उत्तीर्ण झालेल्या पाल्याला प्रवेश सहज मिळेल, असा पालकांचा समज असतो. प्रत्यक्षात शालेय पात्रता आणि कलेची तयारी या दोन्ही बाजू स्वतंत्रपणे तपासल्या जातात.

बारावीची अट

संगीताच्या पदवी अभ्यासक्रमासाठी बारावी अथवा समकक्ष परीक्षा उत्तीर्ण असणे ही मूळ अट असते. शाखेचे बंधन सहसा नसते. त्यामुळे विज्ञान वा वाणिज्य शाखेचा विद्यार्थीही अर्ज करू शकतो. मात्र, रियाजासाठी बारावी अर्धवट सोडणाऱ्याची वाट येथेच अडते.

खरी कसोटी प्रात्यक्षिकाची

पुणे विद्यापीठात १९८७मध्ये सुरू झालेल्या ललित कला केंद्रात (गुरुकुल) संगीत, नृत्य आणि नाट्य शिकविले जाते. अशा ठिकाणी बारावीच्या टक्केवारीपेक्षा प्रात्यक्षिक चाचणीला महत्त्व असते. दिल्ली विद्यापीठात २०२२पासून ‘सीयूईटी’ ही सामाईक परीक्षा लागू झाली. तरी संगीतासाठी प्रात्यक्षिक चाचणी कायम राहिली.

गायनाच्या चाचणीत स्वरांचा सच्चेपणा, लयीचे भान, रागाची मांडणी आणि ऐकलेली स्वरावली तशीच गाऊन दाखविण्याची क्षमता पाहिली जाते. तबल्यासाठी पेशकार, कायदा, रेला यांची तयारी आणि लेहऱ्याबरोबर ठेका सांभाळणे महत्त्वाचे. परीक्षेपुरते दहा राग घोकण्यापेक्षा दोन-तीन राग नीट मांडता येणे अधिक उपयोगी ठरते.

विशारद म्हणजे पदवी नव्हे

पं. विष्णू दिगंबर पलुस्कर यांच्या शिष्यांनी १९३१मध्ये स्थापन केलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांत ‘प्रारंभिक’पासून ‘विशारद पूर्ण’पर्यंत सात टप्पे आहेत. संगीतक्षेत्रात त्यांना मान आहे. परंतु विद्यापीठ अनुदान आयोग कायदा, १९५६च्या कलम २२नुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे आणि संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. त्यामुळे ‘विशारद’ हे कलेच्या तयारीचे प्रमाणपत्र ठरते; बारावीची वा पदवीची जागा ते घेत नाही. अन्य विषयात पदवी घेतलेल्या विशारदांना काही विद्यापीठे संगीताच्या एम.ए.ला प्रवेश देतात. तेथेही पदवी लागतेच.

या फरकाची किंमत पुढे मोजावी लागते. महाविद्यालयात अध्यापक होण्यासाठी साधारणपणे ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी आणि ‘नेट’ वा ‘सेट’ आवश्यक असते. आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत आकाशवाणी, दूरदर्शनच्या ‘अ’ श्रेणीतील कलावंतांसाठी वेगळी तरतूद करण्यात आली. मात्र, तीतही पदवीची अट होतीच.

अर्जापूर्वी

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, संगीत परीक्षांची प्रमाणपत्रे आणि आरक्षणाचा लाभ घ्यायचा असल्यास जातीचे प्रमाणपत्र निकालापूर्वीच जमवून ठेवावे. अन्य मंडळातून आलेल्यांना स्थलांतर प्रमाणपत्र लागते. निकष आणि तारखा विद्यापीठागणिक बदलतात. त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीचे माहितीपत्रक वाचणे अत्यावश्यक आहे. रियाज चुकू नये हे खरेच. पण बारावीचे वर्षही चुकवून चालणार नाही.